आपलंच घर समजा

भिंत नव्हती.

पडली होती, तडा गेला होता, पोपडे निघाले होते, असलं काही नाही. नव्हतीच. वन्संच्या घराची उजवीकडची भिंत जिथे असायला हवी, तिथून मला थेट शेजारच्या घरातली खिडकी दिसत होती. खिडकीत कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. आणि दोन्ही घरं मिळून झालेल्या त्या एवढ्या मोठ्या खोलीत, भर दुपारी, चटयांवर ओळीने पोरं झोपलेली. दहा-बारा तरी असतील.

"अगं बाई!" मी म्हटलं.

वन्सं उंबऱ्यातच थबकल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. भिंत काही आली नाही.

"आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरलो," त्या म्हणाल्या.

"वन्सं, दारावरचा नंबर तुम्हीच उभं राहून रंगवून घेतलाय."

"मग माझी भिंत कुठे गेली?"

आता हे मला विचारून काय उपयोग? मी काय भिंतीवर पाळत ठेवून होते? पण त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातलं तोंडातच ठेवलं. तीन घरांची मालकीण ती, आणि पंधरा दिवसांनी तिला स्वतःला अंथरूण टाकायला जागा राहणार नव्हती. हे शेवटचं घर होतं. बाकीच्या दोन घरांतून आम्ही आदल्याच आठवड्यात हात हलवत परत आलो होतो.

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. नणंदेला वन्सं म्हणायचे दिवस केव्हाच गेले, पण मी लग्न होऊन आले त्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "मला ताई म्हणायचं नाही. ताई म्हणणारे सगळे उधारीवर कपडे नेतात." त्यांची लॉन्ड्री होती ना! चौकातल्या जुन्या इमारतीत तळमजल्याला. पुढे काउंटर, कपड्यांचे गठ्ठे, इस्त्रीचं टेबल, आणि मागे पडद्याआड एक खोली. पुढे धंदा, मागे संसार. संसार एकटीचाच. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायच्या, "एकाचेच शर्ट जन्मभर फुकट कशाला करू?"

बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. गिऱ्हाइकाने शर्ट काउंटरवर टाकला की आधी कॉलर उलटून बघायची, आणि मग माणसाकडे. कॉलर बघितली की माणूस कळतो, यावर त्यांचा इतका विश्वास की आमच्या ह्यांच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांचा शर्ट त्यांनी काहीतरी निमित्त काढून इस्त्रीला मागवून घेतला होता. मी पास झाले ती वडिलांच्या कॉलरवर. हे मला कळलं तेव्हा दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

लोक वस्तीला चांगली म्हणतात, वाईट म्हणतात. वन्संच्या हिशेबी गावात वस्त्या तीनच. कांजीची वस्ती, इस्त्रीची वस्ती आणि बादलीची वस्ती. कांजीच्या वस्तीतले कपडे कडक कांजी करून, हँगरला लावून जायचे, आणि ते न्यायला नोकर यायचा. इस्त्रीच्या वस्तीतले लोक घरी धुवायचे आणि नुसत्या इस्त्रीला आणायचे, तेही ऑफिसला जायचे तेवढेच. आणि बादलीच्या वस्तीतलं गिऱ्हाईक आयुष्यात एकदा यायचं, कुठे मुलाखत असेल तर. एरवी बादली आपली, नळ आपला.

पैसा साठला तशी त्यांनी घरं घ्यायला सुरुवात केली, राहायला नाही, भाड्याने द्यायला. पहिलं घेतलं इस्त्रीच्या वस्तीत. मग त्याचं भाडं आणि थोडं कर्ज घालून बादलीच्या वस्तीत. आणि मग कितीतरी वर्षांनी, दोन्ही घरं तारण ठेवून, कांजीच्या वस्तीत. आमचे हे म्हणाले, "ताई, सगळी एकाच ठिकाणी घे ना, भाडं गोळा करायला गावभर हिंडायला नको."

"सगळे कपडे एका बादलीत भिजवते का मी?" वन्सं म्हणाल्या. "एकाचा रंग सुटला की सगळे गेले."

शाळा सातवीपर्यंत, पण बोलायला लागल्या की आमचे हे वही घेऊन बसायचे. कांजीच्या वस्तीत घराची किंमत वाढते पण त्या मानाने भाडं अगदीच बेताचं, तिथे घर ठेवायचं ते म्हातारपणी विकायला. बादलीच्या वस्तीत घर स्वस्त, भाडं चांगलं, पण आज नळ गळतो, उद्या कडी तुटते, आणि भाडेकरू कधी पसार होईल त्याचा नेम नाही. इस्त्रीच्या वस्तीत दोन्ही मध्यम, तिथलं घर म्हणजे रात्रीची झोप. हे सगळं मला पाठ झालं होतं. एवढं पाठ झालं होतं की त्यात कुठे चूक असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

भाडेकरू निवडायची पद्धतही तीच. घर बघायला आलेल्याला म्हणायच्या, एक शर्ट टाकून जा. कॉलर पसंत पडली की घर दिलं. आणि किल्ली हातात देताना प्रत्येकाला, तिन्ही वस्त्यांमध्ये, न चुकता एकच वाक्य, "आपलंच घर समजा."

कांजीच्या वस्तीतल्या साहेबांना म्हणाल्या, ते कसल्याशा कंपनीत सल्लागार होते. साहेब अर्धे वाकून म्हणाले, "आपली कृपा." इस्त्रीच्या वस्तीत एक कारकून आणि त्याचं मोठं कुटुंब, कारकुनाच्या बायकोने, वहिनींनी, वन्संचे दोन्ही हात हातात घेतले. बादलीच्या वस्तीतला गवंडी मात्र जागचा हलला नाही. किल्लीकडे बघत त्याने विचारलं, "किती दिवस, बाई?"

वन्सं हसल्या होत्या. "तू कंटाळशील तोवर."

हे वाक्य त्यांनी कुठून उचललं ते मला ह्यांनी सांगितलं. वन्सं दहा वर्षांच्या असताना माझे सासू-सासरे एका बिऱ्हाडात राहायला गेले. मालक मोठा गोड बोलायचा. पहिल्या दिवशी सासूबाईंना म्हणाला, आपलंच घर समजा. त्या माउलीने खरंच समजलं. भिंती सारवल्यासारख्या स्वच्छ केल्या, खिडकीला स्वतः रंग दिला. वर्षभराने मालकाला जास्त भाडं देणारा कुणी भेटला. वन्सं शाळेतून आल्या तर भांडीकुंडी फूटपाथवर. सासूबाई नवी खोली शोधायला गेल्या आणि ही पोर अंधार पडेपर्यंत वळकटीवर बसून भांड्यांची राखण करत राहिली. "पण रडली नाही हो," सासूबाई सांगायच्या. "एक टिपूस नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नुसती रागाने बघत होती."

तेच वाक्य त्या सगळ्यांना द्यायच्या. मी एकदा विचारलं, "वन्सं, असल्या माणसाचं वाक्य तुम्ही कशाला तोंडात घेता?" तर म्हणाल्या, "वाक्य चांगलंच होतं गं. बोलणारा खोटा होता. मी खरं करून दाखवते." आणि दाखवलंही. इतक्या वर्षांत एका माणसाला त्यांनी घर सोड म्हटलं नाही.

मग लॉन्ड्रीच्या इमारतीचे म्हातारे मालक वारले आणि त्यांच्या मुलांनी इमारत विकली. मुलं नीट बोलली, वेळही दिला. दोन महिने. वन्सं म्हणाल्या, बरं झालं, आता हातही दुखतात, धंदा आवरते आणि आपल्याच एका घरात जाऊन राहते. मी म्हटलं, आमच्याकडे या. त्यांनी आमच्या दोन खोल्यांकडे, तिथल्या पाच माणसांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "दोन दिवस वन्सं म्हणशील. तिसऱ्या दिवशी काय म्हणशील ते मला ऐकायचं नाही." खरं होतं ते, म्हणूनच मला राग आला.

"पण मग कुणाला तरी उठवावं लागेल," मी म्हटलं.

त्या उठून इस्त्रीला लागल्या. कितीतरी दिवस त्यांनी तो विषयच काढू दिला नाही. शेवटी महिना हातातून गेला तेव्हा म्हणाल्या, "साहेबांना विचारू. त्यांना काय, दुसरं घर चुटकीसरशी मिळेल. त्यांना उठवलं असं होणार नाही."

साहेबांनी आम्हाला गुबगुबीत सोफ्यावर बसवलं, थंड पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, "मॅडम, घर आपलंच आहे. त्यात वादच नाही. आपण नोटीस पाठवा, मी उत्तर देईन. मग कोर्ट. चार-पाच वर्षं तर सहज जातील."

मी वन्संकडे बघितलं. त्यांना आधी कळलंच नाही. "अहो, पण मी राहणार कुठे?"

"ते मी कसं सांगू?" साहेब म्हणाले. आवाज तसूभरही चढला नाही. "मुलीची शाळा इथे पलीकडच्या गल्लीत आहे. मी काही हलत नाही. आणि बरं झालं आलात, आपल्या गॅलरीचं रेलिंग गंजलंय. आपलं घर आहे, आपणच बघायला हवं ना?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाहेर आल्यावर मी त्या माणसाला जे जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. वन्सं मात्र काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान दिला तर म्हणत होत्या, "कॉलर इतकी स्वच्छ होती गं."

इस्त्रीच्या वस्तीत त्याच्या अगदी उलट. आम्ही तोंड उघडायच्या आत चहा आला, आजोबा उठून बसले, पोरं गोळा झाली. वन्संनी कसंबसं सांगितलं, मला घर लागणार आहे. तर वहिनींचे डोळे भरून आले. "अहो ताई, एवढंच ना? या की! आपलंच घर आहे!"

"म्हणजे तुम्ही...?"

"आम्ही आहोतच ना! आजोबांच्या शेजारी तुमची खाट टाकू. फळीवरचा एक कप्पा तुमचा. काय हो?" कारकून मान डोलवत होता. सून तेवढ्यात कप्पा रिकामा करायला लागली. आपलंच म्हणजे आपल्या सगळ्यांचं, असा त्या घराने सरळ अर्थ लावला होता, आणि इतक्या मनापासून लावला होता की घर सोडा हे त्यांच्या डोक्यात कोणत्याच बाजूने शिरेना. वन्सं तोंड उघडतात आणि मिटतात, उघडतात आणि मिटतात. मी मध्ये पडणार, तेवढ्यात वहिनींनी आतून हा एवढा कपड्यांचा गठ्ठा आणून खाटेवर ठेवला. "आणि बघा, आता लॉन्ड्रीसुद्धा घरातच झाली!"

आम्ही तिथून पळालो. अक्षरशः पळालो.

राहिला गवंडी. तिथे जायला वन्संचे पाय उचलेनात. "त्याला एकट्यालाच मी 'तू कंटाळशील तोवर' म्हणाले होते," त्या म्हणाल्या. शिवाय माणूस इतका सालस, की भाडं घ्यायला आम्हाला कधी वस्तीत जावं लागलं नाही. पहिल्या तारखेला स्वतः लॉन्ड्रीत आणून द्यायचा. "तुम्ही कशाला त्रास घेता, बाई," म्हणायचा. गेली दोन-तीन वर्षं तर आम्ही त्या बाजूला फिरकलोही नव्हतो.

का आणून द्यायचा ते त्या दुपारी कळलं.

तो मागच्या दाराने आला. हाताला सिमेंट, खांद्यावर पंचा. आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"भिंत कुठाय रे?" मीच ओरडले.

"हळू हो," त्याची बायको कोपऱ्यातून कुजबुजली. एका पोराला थोपटत बसली होती. "आत्ताच झोपलीत."

तो हळू आवाजात सांगू लागला. शेजारच्या म्हाताऱ्याने घर विकायला काढलं, ते याने घेतलं. होय, घेतलं! आमचा भाडेकरू शेजारी घरमालक होऊन बसला आणि आम्हाला पत्ता नाही. बायको पाळणाघर चालवते, कामावर जाणाऱ्या बायका पोरं ठेवून जातात, जागा पुरेना. "मधली भिंत अर्धी माझी आणि अर्धी बाईंची," तो म्हणाला. "मी माझी अर्धी काढली. मग बाईंची अर्धी एकटी कशी उभी राहील?"

मी कपाळावर हात मारला. "आणि विचारायचं नाही?"

"बाईच म्हणाल्या होत्या, आपलंच घर समजा." त्याने मान खाली घातली. "म्हणून समजलो. वर लोखंडी तुळई टाकलीय, घर हलणार नाही. भाडं एकदाही चुकवलं नाही. पण विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून नाही विचारलं."

वन्सं अजून भिंतीच्या जागेकडेच बघत होत्या. मग सपाट आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. लॉन्ड्री गेली. पंधरा दिवस राहिले. मला माझं घर हवंय.

आता हादरायची पाळी त्याची. "तुम्ही? इथे राहणार? या वस्तीत?" मग बायकोकडे बघितलं. ती थोपटायची थांबली. तो म्हणाला, "उद्या भिंत घालतो, बाई. दोन दिवसांत तुमचं घर तुम्हाला."

"कुठून जाईल भिंत?"

त्याने खिशातून सुतळी काढली. एक टोक बायकोला दिलं, एक स्वतः धरलं, आणि झोपलेल्या पोरांच्या वरून ती ताणली. एका पोराचं डोकं वन्संच्या घरात आलं आणि पाय गवंड्याच्या. त्याच्या शेजारच्या पोरीने झोपेतच कूस बदलली आणि अख्खी पलीकडे गेली.

"एवढ्यात किती मावतील?" वन्संनी गवंड्याच्या बाजूकडे बोट केलं.

"चार-पाच," बायको म्हणाली.

"बाकीची?"

बायकोने हातातली सुतळी सैल सोडली. मी मनात म्हणत होते, वन्सं, आता विरघळू नका, पाया पडते तुमच्या, आता नाही. एकदा तरी स्वतःचं बघा.

"सुतळी गुंडाळ," त्या म्हणाल्या.

"वन्सं!"

"तू गप गं. मागे काय आहे रे? तू आलास तिथे."

मागे एक खोली होती, त्याच्या बाजूची. दार वेगळं. आत सिमेंटची पोती, घमेली, थाप्या. खिडकी होती. वन्संनी ती उघडून बघितली, मिटून बघितली. म्हणाल्या, "भाडं काय घेशील?"

तो कानकोंडा झाला. "तुमच्याकडनं भाडं?"

"मी घेते ना तुझ्याकडून? ते चालूच राहील. तूही घ्यायचं."

मी मटकन पोत्यावर बसले. एकाच छपराखाली दोघं एकमेकांचे मालक आणि दोघं एकमेकांचे भाडेकरू! ह्यांना घरी जाऊन काय सांगायचं? इतक्या वर्षांचं ते शहाणपण, कांजी न् इस्त्री न् बादली, किंमत वाढते न् भाडं वाढतं, आणि शेवटी ही बाई भाड्याच्या खोलीतून उठून भाड्याच्याच खोलीत चालली होती. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

गवंड्याने दाराच्या मागच्या खिळ्यावरची किल्ली काढली. पंच्याला पुसली. दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाला, "आपलंच घर समजा, बाई."

वन्संनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"ते नको," त्या म्हणाल्या. त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता, लहान पोरीसारखा. "ते नको म्हणूस. किती दिवस, ते सांग."

तो गोंधळला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं असावं.

"तुम्ही कंटाळाल तोवर," तो म्हणाला.

वन्संनी किल्ली घेतली. आणि माझ्या शेजारी, सिमेंटच्या पोत्यावर बसून त्या रडायला लागल्या. हुंदके देऊन, मोठमोठ्याने. सासूबाई वारल्या तेव्हा न रडलेली बाई. मी नुसती बघत राहिले, पाठीवर हात ठेवायचंही सुचलं नाही.

"बाई, हळू," गवंड्याची बायको दारात येऊन म्हणाली. "पोरं उठतील."

वन्संनी मान हलवली, पदराचा बोळा तोंडात धरला, आणि तशाच रडत राहिल्या.